चिखल, जसाच्या तसा

मुरगाव बंदरात धक्क्याला लागलेल्या संशोधन जहाजावर चढलं की मागच्या डेकवर सगळ्यात आधी नजरेत भरते ती एक लोखंडी नळी. पाचेक मीटर लांब, व्यासाला वीतभरही नाही. एका टोकाला शिशाच्या जाड चकत्या ओवलेल्या, दुसऱ्या टोकाला पातळ, धारदार कडा. हिला मोटर नाही, बॅटरी नाही, फिरणारं पातं नाही. शास्त्रज्ञ तिला ‘ग्रॅव्हिटी कोरर’ म्हणतात. ती निव्वळ स्वतःच्या वजनानं समुद्रतळात घुसते. धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून आतला नमुना काढतो, तेच तत्त्व. फक्त इथे पोतं शेकडो मीटर पाण्याखाली असतं आणि तिथवर पोचतो तो विंचवरचा पोलादी दोर.

ऑक्टोबर निम्मा सरला होता. पावसाळ्याचा खवळ उतरून पश्चिम किनाऱ्याचा समुद्र कामाजोगा झाला होता. जहाज झुआरीच्या मुखातून बाहेर पडलं तेव्हा उजव्या हाताला दोना पावलाच्या टेकडीवर दिवे लागले होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथेच आहे. साठच्या दशकात अनेक देशांची जहाजं हिंदी महासागर धुंडाळायला आली, त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून ही संस्था जन्मली. स्थापना १ जानेवारी १९६६ ची. भारताच्या वाट्याचं बरंचसं काम तेव्हा नौदलाच्या ‘आयएनएस किस्तना’ या जहाजानं केलं होतं. संशोधनासाठीच राखलेलं जहाज संस्थेला मिळालं ते १९७६ मध्ये, ‘गवेषणी’.

रात्री जेवणानंतर मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी मेसच्या टेबलावर नकाशा पसरला. सगळे त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणत. किनाऱ्यालगत चिखल, त्यापुढे वाळू आणि शंख-शिंपल्यांचा चुरा, मग उतार सुरू झाला की पुन्हा चिखल. गोव्यासमोरच्या तळाचा साधारण क्रम असा आहे. ठरलेल्या जागांवर बोट ठेवत त्या म्हणाल्या, “चिखल वर आणायला कोणालाही येतं. तो खाली होता तसाच्या तसा वर आला पाहिजे.”

पुढचा सगळा प्रवास या एका वाक्याभोवती फिरला.

नुसता चिखल वर आणणं तर फारच जुनं आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसनं लिहून ठेवलंय की, इजिप्तचा किनारा अजून दिवसभराच्या वाटेवर असतानाच खोली मोजायची दोरी सोडली तर अकरा वाव पाण्यातून गाळ वर येतो. नाईलचा गाळ एवढ्या लांबवर पसरलेला असतो, हे सांगण्यासाठी त्यानं तो पुरावा दिला होता. पुढे शिडाच्या जहाजांवर शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत. चरबीला वाळू चिकटली की रेती, काळा लगदा आला की चिखल, काहीच आलं नाही की खडक. धुक्यात किनारा दिसत नसला तरी जुना तांडेल त्या चिमूटभर मालावरून आपण कुठे आहोत ते ओळखत असे. त्याचं काम तेवढ्यानं भागायचं. कुठला कण कुठल्या कणाच्या वर होता, हे त्याला विचारायचं नव्हतं.

पहाटे पहिली जागा आली. खोली तीसेक मीटर, आणि खाली मांडवी-झुआरीसारख्या नद्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे आणून टाकलेला गाळ. इथे कोरर नाही, ‘ग्रॅब’ सोडला. लांब दांड्यांना जोडलेले दोन लोखंडी जबडे उघडे ठेवून खाली जातात, तळाला टेकले की अडणी सुटते आणि दोर ओढताच जबडे मिटतात. डच अभियंता योहान व्हॅन वीननं १९३३ मध्ये हे घडवलं. इतक्या वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही, कारण करण्याची गरजच पडली नाही. काम झटपट आणि हमखास, पण माल सगळा कालवलेला. तळावर राहणारे किडे, शिंपले, गोगलगायी मोजायला किंवा गाळात वाळू किती हे पाहायला तो चालतो. इतिहास वाचायला त्याचा उपयोग नाही.

ग्रॅब रिकामा झाल्यावर मॅडमची विद्यार्थिनी पुढे झाली. मूळची सांगलीची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.ला गोव्यात आल्यावर. तिनं चमच्यानं वरचा थर उचलला आणि एका बाटलीत घालून त्यावर गुलाबी द्रावण ओतलं. ‘रोझ बेंगाल’ नावाचा रंग अल्कोहोलमध्ये मिसळलेला असतो. फोरॅमिनिफेरा हे वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव चुन्याची कवचं बांधतात. नमुना घेतला त्या वेळी ज्याच्या कवचात जीव असतो त्याची पेशी गुलाबी होते. नुसती मेलेली कवचं पांढरी राहतात. तिनं काचेच्या बशीत थोडा गाळ पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी डोळा लावला. आधी नुसती धूळ दिसली. मग त्या धुळीत गोगलगायीसारखी वळलेली, खोल्याखोल्यांची, चिनीमातीच्या चकाकीची कवचं एकेक करून उमटू लागली. एवढ्याशा गाळात शेकड्यांनी. “यांच्यासाठीच सगळं,” ती म्हणाली.

कवचाचा चुना समुद्राच्या पाण्यातून घेतलेला असतो, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणे, खारटपणाप्रमाणे बदलतं. कोणत्या जाती किती संख्येनं आहेत यावरून पाण्यात अन्न किती होतं, नदीचं गोडं पाणी किती येत होतं, तेही कळतं. कारवारजवळच्या उथळ समुद्रातल्या कोअरमधल्या, म्हणजे नळीतून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यातल्या, फोरॅमिनिफेरांवरून राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की त्या भागातल्या कमी-जास्त पावसात सुमारे ७७ वर्षांचं आवर्तन दिसतं. पर्जन्यमापकाच्या नोंदी जिथे संपतात, त्याच्या कितीतरी मागे हा गाळ नेतो. मात्र अट एकच, थर जागच्या जागी हवेत. वरचा सेंटिमीटर खालच्यात मिसळला की दशकंच्या दशकं एकमेकांत मिसळली.

आणि मिसळण्याची कारणं पावलोपावली. पहिलं कारण खुद्द ती नळी. जड कोरर वेगानं खाली येतो तेव्हा आपल्यापुढे पाणी ढकलत येतो, आणि तळावरची सगळ्यात ताजी, भुसभुशीत साय त्या लोटानं उडून जाते. यंदाचा, गेल्या वर्षीचा गाळ नळीत शिरण्याआधीच गायब. यावर तोड म्हणून ‘मल्टिकोरर’ आला. तो १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये आकाराला आला. कोळ्यासारखे पाय फाकलेली लोखंडी चौकट तळावर अलगद बसते, मग तेलाच्या दट्ट्यानं वेग मारलेल्या पारदर्शक नळ्या अगदी संथपणे गाळात उतरतात आणि वर-खाली झाकणं लागतात. आमच्या जहाजावर तो वर आला तेव्हा नळीतलं पाणी इतकं नितळ होतं की गाळाच्या पृष्ठभागावरचं एका किड्याचं बीळ आणि त्याच्या तोंडाशी साठलेली मातीची गोळी स्पष्ट दिसत होती. इतकं वर ओढून आणूनही ती गोळी ढळली नव्हती. डेकवर कुणी मोठ्यानं बोलेना. मॅडमनी नळीमागे टॉर्च धरला आणि त्या कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. पण मल्टिकोरर हातभर गाळ आणतो, फार तर त्याहून थोडा जास्त. त्यामुळे वरच्या थरांसाठी मल्टिकोरर आणि खोलासाठी कोरर, अशी जोडगोळी चालते.

मधल्या पट्ट्यात, सत्तर-ऐंशी मीटर खोलीवर, दोन्हींनी हात टेकले. तिथे वाळू आणि शंखांचा चुरा आहे. नळी आत शिरत नाही, शिरलीच तर वाकते, आणि वर येताना वाळू खालून गळून जाते. ग्रॅबचे जबडेही एकदा नीट मिटले नाहीत, मध्ये शिंपला अडकला होता. वर येईपर्यंत सगळा माल धुऊन गेला. ही वाळू आजची नव्हे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आपण जिथे तरंगत होतो ती तेव्हा जमीन होती, आणि पाणी चढत आलं तसतसा किनारा त्याच पट्ट्यातून मागे सरकला. नद्यांचा आजचा गाळ इथवर पोचत नाही, म्हणून तो जुना किनारा अजून उघडा पडून आहे. दुसऱ्या खेपेला ग्रॅबमधून आलेले झिजलेले, तपकिरी पडलेले शंख मी हातात घेतले. कोकणच्या पुळणीवर सापडतात तसलेच. फक्त त्यांची पुळण बुडून हजारो वर्षं झाली.

वाटेत ट्रॉलर दिसत राहिले, जाळी ओढत चाललेले. तळावर घासत जाणारं जाळं गाळ खरवडून उडवतं, आणि जिथे ते पुनःपुन्हा फिरतं तिथे वरचे थर वाचण्याच्या लायकीचे राहत नाहीत. नकाशावर जागा निवडताना मॅडम हे धरूनच चालल्या होत्या. मासेमारीच्या वादात तळाच्या जिवांची बाजू कधीमधी मांडली जाते. गाळात लिहिलेल्या पावसाच्या नोंदींची बाजू कुणी मांडलेली मी ऐकलेली नाही. ती मांडली जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

उतारावर आलो. खोली नऊशे मीटर. आता पाळी त्या लोखंडी नळीची होती.

डेकचा ताबा बोसनकडे असतो. आमचे बोसन देवगडचे, उभा जन्म दर्यावर गेलेला. विद्यार्थिनी त्यांना काका म्हणे. डेकच्या टोकावरच्या ‘ए-फ्रेम’ या लोखंडी कमानीखाली कोरर उभा लटकला, दोघा खलाशांनी दोर लावून तो हेलकावू दिला नाही, आणि मग तो पाण्यात गेला. विंचच्या खोलीत एका पडद्यावर दोन आकडे दिसत, किती मीटर दोर सुटला आणि दोरावर ताण किती. दोर सेकंदाला साधारण मीटरभर सुटत होता. ताणाचा आकडा हळूहळू वाढत गेला, कारण सुटलेल्या दोराचंही वजन त्यात भर घालतं. साडेआठशेवर विंच थांबवली. कोररचं झुलणं शांत होईतो थांबायचं.

“सोडायचा ना काका?” विद्यार्थिनीनं विचारलं.

“घाई करू नको गो,” त्यांनी आकड्यावरची नजर न काढता म्हटलं, “वाकडो गेलो तर वाकडोच भरतलो.”

मग विंच पूर्ण वेगानं सोडली. काही सेकंदांतच ताणाचा आकडा धाडकन खाली आला. तळ लागला होता, नळीचं वजन आता गाळानं पेललं होतं. खरी परीक्षा पुढे. दोर गुंडाळायला घेतला तसा आकडा चढत चढत कोररच्या वजनाच्याही पुढे गेला, कारण चिखल नळी सोडत नव्हता. जहाजाचा मागचा भाग किंचित दबल्यासारखा वाटला. मग एक झटका, आणि आकडा खाली येऊन स्थिरावला. “सुटलो,” काका म्हणाले.

नळी वर आली तेव्हा सगळ्यांनी आधी तिची बाहेरची बाजू पाहिली. चिखलाचा लेप कुठवर चढलाय त्यावरून नळी किती खोल घुसली ते कळतं. लेप वरपर्यंत होता. पण आत तेवढाच गाळ असतो असं नाही. नळीच्या आतल्या बाजूला घर्षण होतं, गाळ दाटतो, काही थर आखडतात, कधी कधी आत शिरायचेच थांबतात.

याच अडचणीनं शंभर वर्षांहून अधिक काळ माणसांना छळलं आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा करत खोल समुद्राचा तळ चाचपला, आणि तिथला गाळ कोणकोणत्या प्रकारचा असतो याचा पहिला मोठा ग्रंथ जॉन मरे आणि आल्फोन्स रनार्ड यांनी १८९१ मध्ये छापला. पण त्यांच्या नळ्यांत यायचा तो पृष्ठभागावरचा थोडासा माल. १९३० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स पिगट यांनी चक्क स्फोटकानं नळी तळात ठोकून पाहिली. कोअरची लांबी तीनेक मीटरवर गेली. खरी उडी मारली ती स्वीडनच्या बोरिए कुलेनबर्ग यांनी. त्यांनी नळीत दट्ट्या बसवला. खाली सोडलेलं छोटं वजन आधी तळाला टेकतं, त्यानं अडणी सुटते, मोठी नळी शेवटचे काही मीटर मोकळी कोसळते, आणि आतला दट्ट्या मात्र तळाच्या पातळीवर अडून राहतो. खालच्या पोकळीमुळे गाळ घर्षणाला न जुमानता आत येतो. १९४७-४८ च्या ‘अल्बाट्रॉस’ मोहिमेत या पिस्टन कोररनं वीस मीटरच्या आसपास लांबीचे कोअर मिळाले. यातही खोट आहेच, कधी कधी दट्ट्या जास्त ओढतो आणि तळचा गाळ ताणला जातो.

आमची नळी डेकवर आडवी केली गेली. टोकाशी ‘कॅचर’ असतो, पितळेच्या लवचिक पाकळ्यांचं कडं. गाळ आत येऊ देतं, बाहेर जाऊ देत नाही. त्यात अडकलेला सगळ्यात खालचा गाळ आधी पिशवीत गेला. मग आतली प्लॅस्टिकची नळी बाहेर ओढली, करवतीनं मीटर-मीटरचे तुकडे केले, प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना टोपणं. विद्यार्थिनी तुकड्यामागून तुकड्यावर मार्करनं क्रमांक आणि बाण काढत होती. बाणाचं टोक नेहमी वरच्या बाजूला. एखादा बाण उलटा पडला तर त्या मीटरातला काळ उलटा वाहणार. म्हणून ती काढत असताना दुसरं कुणीतरी मोठ्यानं वाचून पडताळत होतं.

कापल्या तोंडातून सडक्या अंड्यासारखा वास आला. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. सेंद्रिय माल कुजतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नाक दाबावं असा हा वास, पण मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ऑक्सिजन नाही म्हणजे बिळं करणारे किडे कमी, आणि किडे कमी म्हणजे थर ढवळणारे कमी. एरवी चांगल्या हवेशीर तळावर वरचे काही सेंटिमीटर हे जीव सतत नांगरत असतात. तिथे मुळातच वर्षं मिसळलेली असतात, उपकरण कितीही नाजूक असो.

पाच मीटरची नळी जिथे थांबते, तिथून पुढे ड्रिलिंगची जहाजं लागतात. २०१५ मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ कोलंबोहून निघून अरबी समुद्रात आलं होतं. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरहून जास्त पाण्याखाली त्यानं तळात ११०० मीटरहून खोल भोक पाडलं. पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्याच ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. मऊ गाळात त्या जहाजाचा पिस्टन कोरर एका ठोक्याला साडेनऊ मीटर गाळ काढत असे. नळी वर आली की ‘कोअर ऑन डेक’ अशी हाळी होई. त्यांना सिंधूनं वाहून आणलेला हिमालयाचा गाळ हवा होता, तो मिळाला. पण त्याच्या पोटात शेकडो मीटर जाडीचा अस्ताव्यस्त राडाही मिळाला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून कोसळलेली प्रचंड दरड ती. तिला ‘नटराज’ नाव दिलंय. क्रम निसर्गानंच मोडला होता, आणि तो कसा मोडला हेही कोअरमध्ये नीट आलं होतं.

प्रत्येक वेळी दोर हवाच असं नाही. खोल हिंदी महासागरात मँगनीजचे गोळे शोधताना शास्त्रज्ञ ‘फ्री फॉल ग्रॅब’ वापरतात. वजनं लावून तो जहाजावरून सरळ समुद्रात सोडून द्यायचा. तळाला टेकला की जबडे मिटतात, वजनं सुटतात, आणि काचेचे पोकळ गोळे त्याला परत वर आणतात. मग लाटांत त्याचा झेंडा किंवा दिवा शोधत फिरायचं. ‘गवेषणी’नं मँगनीजचे गोळे पहिल्यांदा वर काढले ते २६ जानेवारी १९८१ ला. हिंदी महासागराच्या मध्यावर पुढे ज्या क्षेत्राचे हक्क भारताला मिळाले, त्याची सुरुवात त्या नमुन्यापासून आहे.

परतीच्या वाटेवर शीतकपाटाच्या खोलीत मॅडमनी सांगितलं की, किनाऱ्यावर गेल्यावर प्रत्येक तुकडा उभा चिरायचा, एक अर्धं कामाला घ्यायचं, दुसरं अर्धं हात न लावता चार अंश तापमानात ठेवायचं. असा जपलेला गाळ पुढे कधी कामी येईल सांगता येत नाही. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी हिमयुगांची लय ठरते हे दाखवलं, ते दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून. दोन्ही कोअर वेगवेगळ्या जहाजांनी आधीच काढून ठेवलेले होते, आणि काढणाऱ्यांच्या डोक्यात तो प्रश्न नव्हता. २०१५ च्या अरबी समुद्रातल्या कोअरची अर्धुकंही अशीच जपानमधल्या कोची इथे ठेवलेली आहेत, मागणाऱ्याची वाट पाहत.

विद्यार्थिनीच्या वाट्याला कामाचं अर्धं येणार होतं. तिनं वहीत गणित मांडून ठेवलं होतं. पाच मीटरचे दोन-दोन सेंटिमीटरनं २५० नमुने. प्रत्येक नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कवच उचलायचं, नमुन्यागणिक किमान ३००. म्हणजे ७५,००० कवचं. “दिवसाला एक नमुना झाला तरी खूप,” ती म्हणाली, आणि कुंचला कुठल्या नंबरचा घ्यायचा हे मॅडमना विचारायला गेली.